परदेशातील भगिनी मंडळीशी नाते जोडताना

स्कॉटलंडमधील एका मंडळीशी, म्हणजे तिथल्या एका स्थानिक ख्रिस्ती समुदायाशी, आमच्या मंडळीचे असलेले नाते पाहून गेल्या काही वर्षांत आसपासच्या तीन-चार मंडळ्यांच्या सचिवांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे कराराचा नमुना. प्रत्येकाला मी तेच उत्तर दिले की, करारपत्र दोन पानांचे असते आणि एका संध्याकाळी लिहून होते, पण त्याआधी वर्षभर करावे लागणारे काम कोणत्याही नमुन्यात मावत नाही. ते काम कोणत्या क्रमाने करावे आणि कुठे पाय घसरतो, हे येथे सविस्तर लिहीत आहे. आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे सी.एन.आय.ची, आणि समोरची चर्च ऑफ स्कॉटलंडची, त्यामुळे उदाहरणे या दोघींचीच येतील. जर्मनीतील किंवा अमेरिकेतील मंडळीशी नाते जोडणाऱ्यांनी व्हिसाचे आणि तिकडच्या कायद्याचे तपशील बदलून घ्यावेत.

१९१० साली एडिंबरो येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरिया या भारतीय पाळकाने (ख्रिस्ती धर्मगुरूने) पाश्चात्त्य मिशनऱ्यांना सांगितले होते की, तुम्ही आपली संपत्ती दिलीत, देहही झिजवलेत, पण आम्हाला प्रेम हवे आहे, आम्हाला मित्र द्या. पुढे दोनच वर्षांनी ते दोर्नाकलचे बिशप झाले. त्यांची ही मागणी मी, हे नाते सांभाळणाऱ्या आमच्या समितीच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे, कारण नाते बिघडण्याची जी दोन कारणे मी पाहिली, ती दोन्ही या मागणीच्या विसरण्यातून येतात. पहिले कारण म्हणजे मैत्रीच्या आधी पैसा येतो. दुसरे म्हणजे मैत्री मंडळीची न राहता इंग्रजी जाणणाऱ्या दोन-तीन घरांची होते.

आधी आपल्याच मंडळीला विचारावे

परदेशी पत्र पाठवण्यापूर्वी हा विषय पॅस्टोरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत, आणि त्यानंतर एखाद्या रविवारी उपासना संपल्यावर सर्व मंडळीपुढे मांडावा, आणि दोनच प्रश्न विचारावेत: आपल्याजवळ सांगण्यासारखे काय आहे, आणि पुढची तीन वर्षे यासाठी वेळ कोण देणार आहे. दुसऱ्या प्रश्नाला पाच-सहा हात वर आले नाहीत, तर तूर्त थांबलेले बरे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मंडळीचे शब्दचित्र मराठीत लिहून काढावे. घरे किती, माणसे कोणते काम करतात, शेजारच्या वाड्यावस्त्यांवरील प्रार्थना कुठे भरतात, पाऊस ओढ देतो तेव्हा काय होते, तरुण पुण्या-मुंबईला गेल्यावर मागे कोण उरते, असे सर्व त्यात यावे. आमच्या पहिल्या मसुद्यात दोन पानांपैकी दीड पान गळक्या छपराने आणि मोडक्या बाकांनी भरले होते. तो वाचून दाखवला तेव्हा महिला संघातील एका वृद्ध बाईंनी विचारले, "हे पत्र आहे का अर्ज?" आम्ही तो मसुदा बाजूला ठेवला आणि नव्याने लिहिला. त्यात टाळ-मृदंगावरची भजने आली, नारायण वामन टिळकांची गीते अजून पाठ असणारी माणसे आली, आणि कापणीच्या सणातला लिलावही आला, ज्यात ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी आणि कधी एखादी जिवंत कोंबडी वेदीसमोरून मैदानात नेली जाते आणि एकच भोपळा तीनदा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा दानात देतो. पुढे स्कॉटलंडहून आलेल्या पहिल्या उत्तरात अर्धे पत्र या भोपळ्याबद्दल होते.

जोडीदार मंडळी शोधणे

फेसबुकवरून किंवा अनोळखी ईमेलवरून मंडळी शोधू नये. त्यात फसवणुकीची भीती आहेच, पण खरी व्यक्ती भेटली तरी ती तिच्या मंडळीच्या वतीने बोलत आहे की स्वतःच्या, हे कळत नाही. सरळ मार्ग धर्मप्रांताचा, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतील विभागाचा, आहे. मंडळीने बिशपसाहेबांना लेखी कळवावे आणि त्यांच्या कार्यालयातून समोरच्या चर्चच्या मध्यवर्ती कार्यालयाकडे विचारणा जावी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सी.एन.आय. स्थापन झाली तेव्हा सहा परंपरांची चर्चेस तिच्यात एकत्र आली. त्यामुळे आपल्या मंडळीचे मूळ कोणत्या मिशनमध्ये आहे हे पाहिले, तर कोणत्या देशात विचारणा करावी याचा अंदाज येतो. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांचे काम १८३१ पासून अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, रुजले. स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये कोकणात बाणकोट परिसरात उतरले, जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले, आणि पुढे स्टीफन हिस्लॉप यांनी नागपुरात काम उभे केले.

या जुन्या दुव्याचा ओळखीपुरता उपयोग करावा, त्यावर नाते उभारू नये. तिकडची वृद्ध माणसे "आमच्या मिशनऱ्यांनी बांधलेली मंडळी" म्हणून आपल्याकडे पाहतात, आणि आपल्याकडच्या काही जणांच्या मनात अजूनही साहेबाचा बंगला असतो. दोन्ही चित्रे पुसल्याशिवाय बरोबरीने बोलता येत नाही.

मंडळी निवडताना आकार पाहावा. साठ-सत्तर घरांच्या मंडळीने मोठ्या शहरातील नामांकित चर्चशी जोडी जमवली, तर तिथे आपण त्यांच्या दहा उपक्रमांनंतरचे अकरावे होतो. आम्हाला जोडून मिळालेली मंडळी एका लहान गावची होती. रविवारी तीस-पस्तीस माणसे, बहुतेक साठीच्या पुढची, आणि हिवाळ्यात इमारत गरम ठेवण्याचा खर्च झेपेना म्हणून उपासना शेजारच्या सभागृहात. हे कळल्यावर आमच्या लोकांचा संकोच गेला आणि त्या रविवारच्या प्रार्थनेत त्यांच्या थंडीसाठी विनंती झाली.

व्यवस्थेतील फरकही सुरुवातीलाच समजून घ्यावा. चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये बिशप नसतात. स्थानिक निर्णय 'कर्क सेशन' नावाचे वडीलजनांचे (एल्डर्सचे) मंडळ घेते, त्याच्या सचिवाला 'सेशन क्लार्क' म्हणतात, आणि मंडळी स्वतः आपल्या पाळकाला निवडून बोलावते. आपल्याकडे पाळकांची बदली धर्मप्रांत करतो. म्हणून आपल्या पाळकसाहेबांची बदली झाली की तिकडे गोंधळ उडतो; मंडळीने त्यांना काढले असेच त्यांना वाटते. हे पहिल्या दोन-तीन पत्रांतच समजावून सांगावे.

समिती, आणि तिची भाषा

सात जणांची समिती पुरते. पाळक त्यात पदसिद्ध असावेत, पण पत्रव्यवहार त्यांच्याकडे नसावा, कारण ते तीन-चार वर्षांत जाणार असतात. निदान तिघे जण इंग्रजी न येणारे असावेत, एक जण पंचविशीच्या आतला असावा, आणि महिला संघाची प्रतिनिधी नावापुरती नसावी. दरवर्षी दोन सदस्य बदलावेत, म्हणजे समिती एका पिढीबरोबर म्हातारी होत नाही.

सुरुवातीला आमचा सर्व पत्रव्यवहार एका सदस्याच्या खासगी ईमेलवर चालत असे. त्यांना नोकरीनिमित्त गाव सोडावे लागले, त्यांच्या घरात आजारपण आले, आणि आठ महिने तिकडून आलेली पाच पत्रे कोणी उघडलीच नाहीत. आपल्याकडून काही चूक झाली म्हणून आम्ही रागावलो आहोत, असे त्या लोकांना वाटत राहिले. त्यानंतर आम्ही समितीच्या नावाने वेगळा ईमेल काढला, त्याचा पासवर्ड तिघांकडे ठेवला, आणि आलेले प्रत्येक पत्र छापून फायलीत लावण्याचा नियम केला.

त्याहून महत्त्वाचा नियम भाषेचा आहे. पत्र आधी मराठीत लिहावे, समितीत वाचावे, मग त्याचे इंग्रजी करावे, आणि दोन्ही प्रती पाठवाव्यात. तिकडच्यांना मराठी वाचता येत नाही हे खरे, पण मराठीतला कागद त्यांच्या फलकावर लागतो, आणि हे लोक आपल्या भाषेत विचार करतात व प्रार्थना करतात ही गोष्ट डोळ्यांना दिसत राहते. आलेले पत्र उपासनेतील सूचनांच्या वेळी मराठीत मोठ्याने वाचावे. भाषांतर करणाऱ्याने गाळून सांगू नये. पत्रात एखादा अवघड प्रश्न असेल, तर तोही मंडळीने ऐकावा.

पहिले वर्ष: नावे, घड्याळ आणि प्रार्थना

पहिल्या वर्षी महिन्याला एक पत्र आणि वर्षाला दोन-तीन एकत्र उपासना एवढेच करावे. दोन्ही मंडळ्यांनी दहा-दहा कुटुंबांची नावे एकमेकींना पाठवावीत आणि दर रविवारी मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी केलेल्या, प्रार्थनेत त्यांतील एक नाव घ्यावे. नावांबरोबर उच्चाराचे ध्वनिमुद्रणही पाठवावे. ग्लासगोजवळ एक गाव आहे, ज्याचे नाव लिहिल्याप्रमाणे वाचले तर मिल्नगॅव्ही होते आणि प्रत्यक्षात उच्चार मलगाय असा आहे. तिकडच्या नावांत असे पुष्कळ आढळते. आपल्याकडच्या 'ज्ञानेश्वर' आणि 'यशोदा' या नावांनी त्यांचीही तशीच दमछाक होते. कोणाचे तरी नाव नीट उच्चारता यावे म्हणून सत्तरीतील माणूस आठवडाभर सराव करतो, तेव्हा नाते जोडले जाऊ लागले असे समजावे.

एकत्र ऑनलाइन उपासनेसाठी घड्याळाचे गणित पक्के हवे. हिवाळ्यात ब्रिटनपेक्षा आपण साडेपाच तास पुढे असतो आणि उन्हाळ्यात साडेचार तास. त्यांची सकाळी अकराची उपासना आपल्याकडे कधी दुपारी साडेचारला येते, कधी साडेतीनला. आपली सकाळची उपासना मात्र त्यांच्या पहाटे पडते, म्हणून एकत्र वेळ नेहमी आपल्या दुपारीच शोधावी लागते. ब्रिटनमधील घड्याळे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आणि आम्ही पहिली एकत्र उपासना नेमकी मार्चच्या शेवटच्या रविवारी ठेवली होती. सतरंज्या अंथरून, पडदा लावून आम्ही साडेचारला जमलो, तेव्हा तिकडचे आशीर्वचन उरकत आले होते. त्या दिवशी राहून गेलेले मुलांचे पाठांतर आम्ही नंतर चित्रित करून पाठवले. हे दोन रविवार टाळावेत.

दोन्हीकडून एकदम गाण्याचा प्रयत्न करू नये. आवाज पोहोचायला लागणाऱ्या क्षणभराच्या विलंबामुळे ताल तुटतो. एक कडवे त्यांनी गावे, तेव्हा आपण आवाज बंद ठेवावा, आणि पुढचे आपण गावे. मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबण्याऐवजी, शक्य असेल तर शेजारच्या घरातून तारेचे कनेक्शन घ्यावे, आणि वाचन करणाऱ्याने कॅमेऱ्याकडे न पाहता माइककडे लक्ष द्यावे. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी येणारा जागतिक प्रार्थना दिन यासाठी फार सोयीचा आहे, कारण त्या दिवशी दोन्हीकडील स्त्रिया एकाच देशातील स्त्रियांनी तयार केलेली उपासना वापरतात, आणि वेगळी तयारी करावी लागत नाही.

करारपत्र

वर्षभर असे चालले, तरच करारपत्र करावे. त्यात पुढील गोष्टी सोप्या वाक्यांत असाव्यात: हे नाते कोणत्या दोन मंडळ्यांत आहे, किती वर्षांसाठी आहे, पत्रे आणि प्रार्थना किती वेळा होतील, भेटींचा खर्च कोण करील, पैशाविषयीचा नियम काय, मुलांच्या सुरक्षिततेचा नियम काय, तक्रार कोणाकडे करायची, आणि नाते संपवायचे झाल्यास कसे संपवायचे. मुदत तीन वर्षांची ठेवावी. कायमचे नाते असे लिहिले की कोणीच त्याची तपासणी करत नाही. आपल्या बाजूने पॅस्टोरेट कमिटीचा ठराव आणि बिशपसाहेबांची लेखी संमती हवी, त्यांच्या बाजूने कर्क सेशनचा ठराव. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही प्रती सारख्याच ग्राह्य मानाव्यात.

एक कलम पूर्वी कोणी घालत नसे, ते आता अवश्य घालावे. २०२१ पासून चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये मंडळ्यांच्या एकत्रीकरणाचे मोठे काम चालू आहे. पाळक कमी, माणसे कमी, म्हणून शेजारच्या दोन-तीन मंडळ्या एक होतात आणि काही इमारती विकल्या जातात. आपली भगिनी मंडळी उद्या दुसऱ्या मंडळीत विलीन झाली तर नव्या मंडळीला हे नाते हवे आहे का, हे सहा महिन्यांत विचारून घ्यावे, असे करारात लिहिलेले असावे. तशी वेळ आली तेव्हा त्यांचे दुःख ओळखण्याचे भानही ठेवावे. ज्या इमारतीत बाप्तिस्मा आणि लग्न झाले, तिला कुलूप लागते, आणि अशा दिवशी आपल्याकडून गेलेले चार ओळींचे पत्र त्यांना फार मोलाचे वाटते.

पैसा

आमचा नियम असा आहे की पहिली दोन वर्षे कोणत्याही कारणासाठी पैसा मागायचा नाही आणि त्यांनी देऊ केला तरी घ्यायचा नाही. नियम कठोर वाटतो, आणि छपराखाली बादल्या ठेवलेल्या असताना तो पाळणे अवघड जाते, हे मी जाणते. पण पैसा आधी आला की पत्रांचे अहवाल होतात आणि प्रार्थनांची आभारप्रदर्शने होतात.

प्रेषित पौलाने यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, त्याविषयी करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय समितीने एकत्र वाचावा. आज तुमची विपुलता त्यांची उणीव भरून काढील आणि उद्या त्यांची विपुलता तुमची, अशी बरोबरी तो मागतो; आणि या रकमेच्या कारभारात कोणी आपल्याला दोष देऊ नये म्हणून तो ती एकट्याने नेत नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतो. पैशाच्या बाबतीत याहून अधिक व्यवहारी सल्ला माझ्या पाहण्यात नाही.

आता कायदा. परकीय योगदान (विनियमन) अधिनियम, २०१०, ज्याला सर्वजण एफसीआरए म्हणतात, त्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल, तर मंडळीला परदेशी स्रोताकडून एक रुपयाही घेता येत नाही. रक्कम थोडी आहे, देणारा ओळखीचा आहे, किंवा काम धर्मादाय आहे, या कारणांनी सूट मिळत नाही. नोंदणी असलेल्या संस्थेलाही पैसा प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच घ्यावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या वर नेता येत नाही. त्याच दुरुस्तीने एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास पूर्ण बंदी घातली, म्हणजे दुसऱ्याच्या नोंदणीवर पैसा आणून आपल्याकडे वळवण्याची जुनी वाट आता बंद आहे. धर्मप्रांताच्या संस्थेची नोंदणी असेल, तर ती संस्था स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हिशेबात आपल्या गावी काम करू शकते का, हे धर्मप्रांताच्या कार्यालयाला आणि सनदी लेखापालाला लेखी विचारावे. वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबरपूर्वी भरावे लागते, हेही खजिनदाराला ठाऊक असावे.

बहुतेक मंडळ्या अडचणीत येतात त्या मोठ्या रकमांमुळे नव्हे, तर या लहान प्रसंगांमुळे. परदेशी पाहुणा उपासनेत दानपात्रात नोट टाकतो. ती रुपयांत असली तरी देणारा परदेशी नागरिक असल्यामुळे ते परकीय योगदान ठरते. म्हणून पाहुणे येण्यापूर्वीच त्यांना पत्राने कळवावे की दान टाकू नये, आणि कारणही सांगावे. नंतर त्यांच्यासमोरून थाळी पुढे सरकवताना कोणालाही अवघड वाटत नाही. मंडळीसाठी आणलेले लॅपटॉप आणि वाद्ये अशा वस्तूही योगदानात मोडतात. आपल्याच मंडळीतून परदेशी गेलेल्या आणि तिथले नागरिकत्व घेतलेल्या माणसाचे दानही परदेशी स्रोताचेच असते, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते) असले तरीही. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी माणसाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले दान मात्र त्यात येत नाही.

खासगी मागण्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. पाहुणे परत गेले की पंधरा दिवसांत कोणीतरी मुलाच्या फीसाठी, कोणीतरी शस्त्रक्रियेसाठी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश पाठवते. त्या माणसाची गरज खरी असते, आणि तरीही त्या एका संदेशामुळे तिकडचा माणूस सर्वांपासून दूर होतो. आमच्याकडे असे झाले तेव्हा आम्ही त्या कुटुंबाला दोष दिला नाही. मंडळीच्या स्थानिक मदतनिधीतून जमेल तेवढे दिले आणि मग नियम सर्वांसमोर वाचला. तिकडच्या समितीलाही तोच नियम दिला: खासगी मागणी आली तर पैसे पाठवू नयेत, रागावू नये, आणि समितीला कळवावे.

पैशाविना देण्याचा एक मार्ग आम्हाला फार आवडला. दोन्हीकडे एकाच रविवारी एकाच विषयासाठी दान गोळा करायचे आणि ते आपापल्या गावातच खर्च करायचे. त्या वर्षी विषय भूक हा होता. त्यांनी तिकडच्या फूड बँकेला अन्न दिले, आम्ही ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना किराणा पोहोचवला, आणि पुढच्या पत्रांत एकमेकींना त्याचा हिशेब कळवला. स्कॉटलंडमध्ये अन्नासाठी रांग लागते, हे आमच्या लोकांना तेव्हा प्रथम कळले.

पाहुणे येतात तेव्हा

तिसऱ्या वर्षाच्या आत भेटीची घाई करू नये, आणि पहिली भेट चार-सहा जणांचीच असावी. डिसेंबर-जानेवारी हा काळ चांगला. एप्रिल-मेमध्ये त्यांना ऊन सोसत नाही, आणि पावसाळ्यात आपली माणसे शेतात असतात.

पाहुणे बहुतेक पर्यटन व्हिसावर येतात. त्या व्हिसावर मित्रांना भेटता येते आणि उपासनेला बसता येते, पण धर्मप्रचार करता येत नाही. म्हणून त्यांना उपदेशासाठी उभे करू नये, गावोगावच्या सभा लावू नयेत, आणि कार्यक्रमपत्रिकेत 'सुवार्ता सभा' असे शब्द तर मुळीच छापू नयेत. सलाम करून आपल्या मंडळीच्या शुभेच्छा सांगणे एवढेच त्यांचे काम ठेवावे, आणि शंका असल्यास धर्मप्रांताला आधी विचारावे. पाहुणे कोणाच्या घरी उतरणार असतील, तर त्या घरमालकाने त्यांची माहिती चोवीस तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावी लागते. लोक याला 'सी फॉर्म' म्हणून ओळखतात. हे काम ज्या तरुणाला जमते, त्याला महिनाभर आधी घरमालकाच्या नावाने खाते उघडून ठेवायला सांगावे.

कार्यक्रम आखताना रोज दुपारी दोन तास मोकळे ठेवावेत. आपण पाहुण्यांना सकाळी आठपासून घराघरांत नेतो, प्रत्येक घरी चहा, पोहे, शाल आणि नारळ होतो, आणि तिसऱ्या दिवशी माणूस आजारी पडतो. घरे निवडतानाही विचार हवा. पाळकीणबाई, मुख्याध्यापक आणि डॉक्टर यांच्याकडे पाहुणे नेहमीच जातात. शेतमजुराच्या घरी एक मुक्काम किंवा निदान एक जेवण ठेवावे, आणि त्या घराला आगाऊ रक्कम देऊन कर्जात टाकू नये, साधी भाकरी आणि भाजी पुरे. पाणी उकळून गाळलेले द्यावे. चपला बाहेर काढायच्या, खाली सतरंजीवर बसायचे, स्त्रिया डोक्यावर पदर घेतात, हे त्यांना आधी लिहून कळवावे. गुडघ्याचा त्रास असलेल्यांसाठी दोन खुर्च्या मागे ठेवाव्यात, पुढे नकोत. पुढे मांडलेली खुर्ची पुन्हा साहेबाची होते.

आपण जातो तेव्हा

जाणाऱ्यांची निवड हा सर्वांत जास्त भांडणाचा विषय आहे. निकष आधी लिहून जाहीर करावेत आणि मगच नावे मागवावीत. इंग्रजी येणे हा निकष ठेवू नये. चौघांत एक दुभाष्या पुरतो. समितीच्या अध्यक्षाच्या नातेवाइकाचे नाव आले, तर त्या बैठकीत अध्यक्षाने बाहेर बसावे.

ब्रिटनसाठी व्हिजिटर व्हिसा लागतो. तिकडच्या कर्क सेशनचे निमंत्रणपत्र, राहण्याची सोय कोण करणार आणि तिकिटाचा खर्च कोण करणार याचे स्पष्ट पत्र, आपल्या उत्पन्नाचे पुरावे, आणि परत येण्याची कारणे दाखवणारी कागदपत्रे जोडावीत. शेतकऱ्याने सातबारा उतारा इंग्रजी भाषांतरासह द्यावा. नकार मिळू शकतो, म्हणून व्हिसा हाती येण्यापूर्वी निरोपसमारंभ करू नये. जाणारा शासकीय सेवेत असेल, तर परदेशी यजमानांचा पाहुणचार घेण्यापूर्वी एफसीआरएखाली केंद्र सरकारची परवानगी लागते. हे पुष्कळांना ठाऊक नसते.

परत आल्यावर तीन रविवारांच्या आत मंडळीपुढे वृत्तांत द्यावा, आणि त्यात किल्ले व सरोवरे कमी, माणसे जास्त असावीत.

मुले, छायाचित्रे आणि मतभेद

मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय पाठवू नयेत, आणि नाव व छायाचित्र एकत्र देऊ नये. कोणत्याही पाहुण्याने मुलाबरोबर एकट्याने खोलीत बसू नये, आणि मुलांशी खासगी संदेशांची देवाणघेवाण करू नये. हा नियम दोन्ही मंडळ्यांतील प्रौढांना सारखाच लागू आहे. "ते आपले पाहुणे आहेत, त्यांना असे कसे सांगायचे" असा संकोच आपल्याकडे होतो, पण स्कॉटलंडमधील मंडळ्यांना हे नियम सवयीचे आहेत, आणि आपण विचारले नाही तर उलट त्यांनाच काळजी वाटते.

मतभेद लपवून ठेवू नयेत. मे २०२२ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेने, इच्छा असलेल्या पाळकांना समलिंगी जोडप्यांचे विवाह लावण्याची मुभा दिली. ही बातमी आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून आली आणि दोन बैठका त्यावरच गेल्या. काही जणांचे म्हणणे होते की नाते तोडावे. शेवटी आम्ही ती चर्चा पत्रातून त्यांच्याशीच केली. त्यांच्या मंडळीतही एकमत नाही हे तेव्हा कळले, आणि त्यांनी आम्हाला जातीविषयी जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे देताना आम्हालाही खाली पाहावे लागले. आमचे मत बदलले नाही, त्यांचेही नाही. पत्रे चालू आहेत.

तपासणी, आणि थांबणे

मुदत संपण्यापूर्वी सहा महिने दोन्ही समित्यांनी वेगवेगळे बसून चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत आणि मग अदलाबदल करावी: गेल्या तीन वर्षांत आपण त्यांच्याकडून काय शिकलो, त्यांना काय दिले, मंडळीतील किती जणांना समोरच्या मंडळीतील एका तरी माणसाचे नाव माहीत आहे, आणि हे नाते नसते तर कोणाला उणीव भासली असती. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देऊ नये. आम्ही उपासनेनंतर दारात उभे राहून प्रत्येकाला विचारले, तेव्हा अर्ध्याहून कमी लोकांना नाव सांगता आले, आणि पुढच्या वर्षीच्या पत्रांची पद्धत आम्ही त्यावरून बदलली.

थांबायचे ठरले, तर उत्तरे देणे बंद करून थांबू नये. एक शेवटची एकत्र उपासना ठेवावी, राहिलेले हिशेब पाठवावेत, आणि ज्यांची नावे प्रार्थनेत घेत होतो, त्यांची यादी नव्या पाळकांच्या हाती द्यावी. पत्रांच्या फायली, दोन्ही भाषांतील करारपत्र, ठरावांच्या प्रती आणि भेटींची नोंदवही एका पेटीत घालून मंडळीच्या कपाटात ठेवावी, आणि पेटी ठेवल्याची नोंद पॅस्टोरेट कमिटीच्या कार्यवृत्तात करावी. कपाटाची एक किल्ली सचिवांकडे असावी आणि दुसरी महिला संघाकडे.